सूचनापेटीची किल्ली कोणाकडे?

गेल्या महिन्यात सांगोल्यात कार्यकर्त्यांचा एक अभ्यासवर्ग झाला. विषय नव्या कामगार संहितांचा होता आणि बोलण्याचे काम माझ्याकडे होते. वर्ग संपून सतरंज्या गोळा होऊ लागल्या, तेव्हा मागे उभा असलेला एक तरुण पुढे आला. सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तो कंत्राटदारामार्फत कामाला जातो. तो म्हणाला, “सर, कंपनीने आम्हा सगळ्यांना एक छापील कागद दिला आहे. कामात काय अडचणी आहेत, वरिष्ठ कसे वागतात, काय सुधारणा हवी, ते लिहा म्हणतात. साहेब म्हणाले, मोकळेपणाने लिहा, कंपनी तुमचीच आहे. तर लिहावे का?” त्याने खिशातून कागदाची घडी काढून उलगडली. वरच्या बाजूस ‘नाव लिहिण्याची आवश्यकता नाही’ असे छापले होते. खाली उजव्या कोपऱ्यात त्याचा हजेरी क्रमांक आधीच लिहिलेला होता.

मी त्याला त्या वेळी समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. ‘विचार करून सांगतो’ म्हणालो. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला ही कबुली देताना संकोच वाटतो; परंतु प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आज कारखान्यात, बँकेत, इस्पितळात, शाळेत, जिकडे पाहावे तिकडे व्यवस्थापन कर्मचाऱ्यांची मते मागवीत असते. सूचनापेट्या टांगल्या जातात, प्रश्नावल्या वाटल्या जातात, ‘माझे दार सदैव उघडे आहे’ अशी भाषणे होतात. हे सारे खरे की देखावा, एवढाच प्रश्न विचारला तर चर्चा साहेबाच्या स्वभावावर येऊन थांबते. एखादा साहेब भला असतो, एखादा दुष्ट असतो, असे म्हणून आपण घरी जातो. समाजवाद्याने प्रश्न असा विचारता कामा नये. पेटी कोणी टांगली याहून तिची किल्ली कोणाकडे आहे, हे पाहिले पाहिजे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्या मताने खर्च वाचतो, ते मत व्यवस्थापनाला मनापासून हवे असते. ज्या मतामुळे अधिकार वाटून द्यावा लागतो, ते त्याला नको असते. आणि असे नको असलेले मत इतिहासात जेथे जेथे ऐकले गेले, तेथे ते बोलणाऱ्याच्या पाठीशी संघटना होती किंवा कायद्याचे संरक्षण होते. निव्वळ साहेबाच्या सौजन्यावर ते कोठे टिकलेले नाही.

याची साक्ष आपल्याच महाराष्ट्रात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात मागितले काय होते? आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन. आजच्या भाषेत बोलायचे तर हा ‘कर्मचाऱ्यांचा अभिप्राय’च होता, अत्यंत नम्र आणि लेखी. मालकांनी तो ऐकला का? साप्ताहिक सुट्टी मिळण्यास जून १८९० उजाडावे लागले. त्याआधी एप्रिल महिन्यात सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली आणि तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. निवेदनातले शब्द सहा वर्षांपूर्वी होते तेच होते. वाढली होती ती ते शब्द उच्चारणाऱ्यांची संख्या.

स्वातंत्र्यानंतर आपण हा प्रश्न कायद्याने सोडविण्याचा प्रयत्न केला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या तिसऱ्या कलमान्वये शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत मालक आणि कामगार यांच्या समसमान प्रतिनिधींची ‘कार्यसमिती’ नेमण्याचा आदेश सरकारला देता येऊ लागला. या समितीचे कर्तव्य काय? उभयपक्षी सलोखा राखणे, समान हिताच्या बाबींवर मतप्रदर्शन करणे आणि मतभेद मिटविण्याचा प्रयत्न करणे. मतप्रदर्शन, निर्णय नव्हे. ते मत मालकावर बंधनकारक नव्हते. सर्वोच्च न्यायालयानेही १९६० साली नॉर्थब्रूक ज्यूट कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केले की, सेवाशर्तींतील महत्त्वाच्या बदलांना संमती देण्याचा अधिकार या समित्यांना नाही. रोजच्या कामातील कुरबुरी दूर करण्यापुरतेच त्यांचे कार्य आहे.

या समित्यांनी बोलावे कशावर, याची एक यादीच १९५९ साली भारतीय श्रम परिषदेच्या वेळी तयार झाली. ती मुळातून पाहण्यासारखी आहे. हवा-उजेड, पिण्याचे पाणी, उपाहारगृह, पाळणाघर, अपघात-प्रतिबंध, सणांच्या सुट्ट्यांची अदलाबदल, खेळ आणि करमणूक हे विषय समितीच्या कक्षेत. वेतन, बोनस, कामाचा बोजा, यांत्रिकीकरणामुळे होणारी पुनर्रचना, कामगारकपात हे विषय कक्षेबाहेर. कामगारसंघटनेत भाग घेतल्याबद्दल होणारा छळ हाही विषय कक्षेबाहेरच! चहा पातळ आहे हे सांगण्याची मुभा होती. चहा पातळ आहे असे सांगणाऱ्याला कामावरून काढले, तर त्याविषयी समितीत बोलण्याची सोय नव्हती. हे विषय संघटनांनी वाटाघाटींत सोडवावेत, अशी त्यामागची भूमिका होती हे मी जाणतो, आणि तत्त्वतः ती चुकीचीही नाही. परंतु जेथे संघटनाच नव्हती, तेथे कामगाराच्या हाती उरला तो चहाच.

यानंतरचे पाऊल तर इतिहासाने केलेली थट्टाच वाटावे असे आहे. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी जाहीर झाली. आपले सहकारी तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, संपाचे नाव काढण्याची सोय नव्हती. सप्टेंबरच्या अखेरीस वटहुकूम काढून किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणण्यात आला. त्याबाबत देशातल्या एकाही कामगाराला कोणी विचारले नाही. आणि अवघ्या पाच आठवड्यांनी, ३० ऑक्टोबर १९७५ रोजी, पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांत व खाणींत ‘व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग’ ही योजना जाहीर झाली! खातेनिहाय मंडळे, संयुक्त मंडळे, उत्पादनवाढीच्या सूचना असा सारा थाट होता. ज्याचे तोंड बांधले आहे त्यालाच ‘तुझे मत सांग’ म्हणण्याचा हा प्रकार होता. पुढे ४२ व्या घटनादुरुस्तीने घटनेत कलम ४३-अ आले आणि कामगारांचा सहभाग हे राज्याच्या धोरणाचे निदेशक तत्त्व झाले. तत्त्व चांगले, जन्मकाळ वाईट. १९८३ साली सरकारी उद्योगांसाठी आणखी एक योजना आली, १९९० साली राज्यसभेत विधेयक मांडले गेले. सहभाग सक्तीचा करणारे ते विधेयक कधीही कायदा झाले नाही.

एक अपवाद वाटेल असा प्रयोग राष्ट्रीयीकृत बँकांत झाला. १९७० च्या कायद्याने त्यांच्या संचालक मंडळांवर कामगारांचा एक आणि अधिकाऱ्यांचा एक प्रतिनिधी बसविण्याची तरतूद केली. येथे पेटी नव्हती, प्रत्यक्ष खुर्ची होती. कर्जे कोणाला दिली जातात, थकबाकीची बुडीत खाती कोणाची, हे कागद त्या खुर्चीसमोर येत. मग झाले काय? २०१४ नंतरच्या दशकात बहुतेक सरकारी बँकांतील या जागा रिकाम्या ठेवण्यात आल्या. कायदा रद्द करण्याची आवश्यकताच पडली नाही. नेमणूक केली नाही की काम भागते. शेतकऱ्याच्या दहा हजारांच्या पीककर्जासाठी सातबारा, जामीनदार आणि दहा हेलपाटे, तर बड्या उद्योगपतींच्या हजारो कोटींच्या थकबाकीवर पडदा, ही तक्रार करीत आपण जेव्हा बँकेच्या दारात उभे राहतो, तेव्हा आतल्या मंडळातील ही रिकामी खुर्चीही आठवली पाहिजे.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेत कार्यसमिती कायम आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समितीही आहे, आणि तिच्यावर स्त्रियांना पुरेसे स्थान देण्याची तरतूदही आहे. या तरतुदींचे मी स्वागत करतो. परंतु त्याच संहितेने कामगारकपात व कारखाना बंद करण्यासाठी लागणाऱ्या सरकारी परवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. स्थायी आदेशांची केंद्रीय कायद्यातील मर्यादाही १०० वरून ३०० वर गेली. संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस सर्वच उद्योगांत बंधनकारक झाली. म्हणजे २५० कामगारांच्या कारखान्यात तक्रार करण्यासाठी समिती आहे, मात्र तक्रार करणाऱ्यांची नोकरी आज पूर्वीहून कच्ची आहे. एका हाताने कान पुढे करायचा आणि दुसऱ्या हाताने बोलणाऱ्याच्या पायाखालची फळी काढायची, असा हा व्यवहार आहे.

न ऐकलेल्या मताची किंमत केवळ कामगार मोजत नाही, हे भोपाळने दाखवून दिले. युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. १९८२ साली कामगारसंघटनेने भित्तिपत्रके लावून धोक्याचा इशारा दिला. राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने शहराला वारंवार सावध केले. व्यवस्थापनाचे उत्तर काय होते? खर्चकपात. विषारी वायूच्या विभागातील पाळीवरची माणसे कमी केली गेली. साठा थंड ठेवणारी यंत्रणा दुर्घटनेच्या काही महिने आधीपासून बंद ठेवली गेली. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री काय घडले, ते जगाला माहीत आहे. कारखान्यातील साध्या कामगाराला जे ठाऊक होते, ते अमेरिकेतील संचालकांना कळविण्याचे सर्व मार्ग उपलब्ध होते. कमतरता माहितीची नव्हती. ती माहिती ऐकणे परवडत नव्हते.

भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात ४१-ह हे कलम घालण्यात आले. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यातील कामगाराला जिवाला तात्काळ धोका आहे असे वाजवी कारणाने वाटले, तर तो व्यवस्थापकाला सांगू शकेल आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवू शकेल, असे त्यात म्हटले होते. ‘त्याच वेळी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. हजारो माणसे गमावल्यानंतर कायदेमंडळाला उमगले की, मत ऐकण्याचे काम एकट्या व्यवस्थापकावर सोपविता येत नाही. पेटीची एक किल्ली बाहेर असावी लागते.

येथे अर्थशास्त्राचा थोडा आधार घेतो. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने १९११ साली ‘शास्त्रीय व्यवस्थापना’चा सिद्धांत मांडला. विचार करण्याचे काम व्यवस्थापनाचे, हात चालविण्याचे काम कामगाराचे, हे त्याचे सार. पुढे १९४५ साली फ्रिड्रिख हायेक यांनी मध्यवर्ती नियोजनावर टीका करताना सांगितले की, उपयुक्त ज्ञान कोणा एका कार्यालयात साठलेले नसते. ते प्रत्यक्ष जागेवर काम करणाऱ्या असंख्य माणसांपाशी विखुरलेले असते. हायेक आपल्या विचारांचे नव्हेत, तरी या म्हणण्यात तथ्य आहे. नवल याचे की, दिल्लीच्या पूर्वीच्या नियोजन आयोगाविरुद्ध हा युक्तिवाद उच्चरवाने करीत आलेले आमचे उद्योगपती स्वतःच्या कारखान्याच्या फाटकात शिरताच तो विसरतात. तेथे मात्र सारे ज्ञान मुख्य कार्यालयात असते आणि पाळीवरच्या माणसापाशी काहीच नसते! बाजारात स्वातंत्र्य आणि कारखान्यात हुकूमशाही, अशी ही दुहेरी निष्ठा आहे.

आल्बर्ट हिर्शमन यांचा १९७० सालचा विचारही येथे उपयोगी पडतो. एखादी संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात, असे ते म्हणतात: सोडून जाणे किंवा आवाज उठविणे. सोडून जाण्याची शक्यता खरी असेल, तर आवाजालाही वजन येते. आता सांगोल्याचा विचार करा. पाऊस बेभरवशाचा, डाळिंबाची बाग रोगाने गेली, तर पुण्याची वाट धरायची किंवा चिंचोळीची. सोलापुरातील जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांपैकी एकाचाही भोंगा आज वाजत नाही. कंत्राटदाराच्या दारात एका जागेसाठी दहा तरुण उभे आहेत. अशा माणसाला सोडून जाण्याचा मार्ग नाही आणि म्हणून त्याच्या आवाजाला वजन नाही, हे व्यवस्थापनाला पक्के ठाऊक असते. बेकारी ही सूचनापेटीवरील सर्वात मजबूत कुलूप आहे.

यावर काही आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप जपानचा. टोयोटाने १९५१ साली कामगारांच्या सूचनांची योजना सुरू केली आणि ती यशस्वी झाली, हे खरे आहे. परंतु तिच्या आदल्या वर्षी, १९५० साली, त्या कंपनीत कामगारकपातीवरून मोठा संघर्ष झाला होता आणि संस्थापक-अध्यक्षांना पद सोडावे लागले होते. त्यानंतर तेथील कायम कामगाराला नोकरीची दीर्घ शाश्वती मिळाली. आपली सूचना अमलात आली तर आपलीच नोकरी जाईल, ही भीती ज्याला नाही तोच काम सोपे करण्याची युक्ती सांगतो. आमच्या व्यवस्थापकांनी जपानहून पेटी आणली, शाश्वती मात्र तिथेच ठेवली. शिवाय त्या सूचना काम कसे करावे याविषयी होत्या. मिळकतीची वाटणी कशी व्हावी, याविषयी नव्हत्या.

दुसरा आक्षेप असा की, चांगले व्यवस्थापनही असते. जमशेदपूरला टाटा पोलाद कारखान्यात १९५६ च्या करारानंतर संयुक्त सल्लामसलतीची मंडळे उभी राहिली आणि ती टिकली. मीही हे उदाहरण वर्गात देत असे. परंतु तो करार मान्यताप्राप्त संघटनेशी झाला होता, हे विसरू नये. पश्चिम जर्मनीत १९५१ साली कोळसा व पोलाद उद्योगांत कामगारांना देखरेख मंडळावर समान जागा मिळाल्या, त्या संपाच्या इशाऱ्यानंतर. १९७६ च्या कायद्याने २,००० हून अधिक कामगारांच्या कंपन्यांत निम्म्या जागा दिल्या. तेथेही बरोबरी झाल्यास निर्णायक मत अध्यक्षाचे, म्हणजे व्यवहारात भागधारकांच्या बाजूचे, राहिले. भले व्यवस्थापन मी नाकारीत नाही. भले असणे ज्याच्या मर्जीवर अवलंबून नाही, तेच व्यवस्थापन विश्वासाचे, एवढेच माझे म्हणणे आहे.

तिसरा आक्षेप जुनाच आहे: कामगाराला आपल्या यंत्रापलीकडचे समजत नाही, उद्योगाचा समग्र विचार त्याला झेपत नाही. याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८२ मध्ये दिले. कंपनी विसर्जित करण्याच्या अर्जाच्या सुनावणीत कामगारांनाही बाजू मांडण्याचा हक्क आहे, असा निर्णय न्यायमूर्ती भगवती यांच्यासह बहुमताने दिला गेला. भागधारक भांडवल घालतो, तर कामगार आपले श्रम आणि आयुष्य घालतो, हा त्यामागील विचार होता. १९८८ साली मुंबईत कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्सचा डबघाईस आलेला कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेने हाती घेतला आणि काही वर्षे चालवून दाखविला. तो पुढे टिकला नाही, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु मालकांनी बुडविलेल्या शेकडो कारखान्यांवरून ‘मालकांना उद्योगाचे कळत नाही’ असा निष्कर्ष जर कोणी काढीत नसेल, तर एका कमानीवरून कामगारांविषयी तो का काढावा?

इतके बोलून थांबलो तर हा लेख लिहिणे सोपे झाले असते. पण पुढचे बोलणे आपल्याशी आहे.

मालकांनी कामगारांचा आवाज स्वतः निवडून घेतला, हे आपण मुंबईच्या गिरण्यांत पाहिले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका संघटनेला एकमेव प्रातिनिधिक संघटना ठरविले. १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाखांच्या घरात गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा कायद्याने नेमलेला त्यांचा आवाज वेगळेच बोलत होता. तो कायदा रद्द करा, ही मागणी त्या संपाच्या गाभ्याशी होती. आपण तिला पाठिंबा दिला. परंतु आपल्या स्वतःच्या संघटनांत, वार्षिक सभेत उठून हिशेब विचारणाऱ्या सभासदाचे स्वागत कसे होते? ‘हा कोणाचा माणूस आहे?’ हा पहिला प्रश्न व्यासपीठावरून येतो की नाही, ते प्रत्येकाने आपल्याशी आठवून पाहावे.

आणि आपल्या संस्था? सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी राहू शकते, हे गणपतराव देशमुखांनी दाखविले. त्यांचा पक्ष वेगळा, पण डाव्या चळवळीचा तो ठेवा आहे. महाराष्ट्रभर सहकारी कारखाने, पतसंस्था, दूधसंघ, शिक्षणसंस्था यांत पुरोगामी विचारांची माणसे संचालक म्हणून बसली आहेत. तेथे मालक नाही, सभासद आहेत. परंतु यंत्रावर, वजनकाट्यावर, कचेरीत काम करणाऱ्या सेवकाला सभासदांची मालकी हीही मालकीच वाटते. हंगामी कामगाराने सूचना केली आणि पुढच्या हंगामात त्याला बोलावणे आले नाही, तर आपल्या संचालकाला आपण कधी जाब विचारला आहे का?

मी विचारला नाही. ही माझी कबुली आहे. अनेक वर्षांपूर्वी मी ज्या शिक्षणसंस्थेत शिकवीत होतो, तिचे चालक पुरोगामी होते. भिंतीवर तसबिरी सगळ्या योग्य माणसांच्या होत्या. एकदा त्यांनी सर्व सेवकांची सभा बोलावली आणि ‘निर्भयपणे बोला, ही संस्था आपली सर्वांची आहे’ असे सांगितले. ग्रंथपाल उभे राहिले. पुस्तकांसाठी आलेली रक्कम पुस्तकांवर खर्च होत नाही, एवढेच ते म्हणाले. अध्यक्षांनी त्यांचे आभार मानले, आम्ही टाळ्या वाजविल्या. जूनमध्ये त्यांची बदली संस्थेच्या दूरच्या शाखेत झाली. त्यांची पत्नी आजारी होती आणि मुले शिकत होती. ती रक्कम कोठे जाते, हे मलाही ठाऊक होते. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक होतो, ताळेबंद वाचता येत होता. मी सभेत बोललो नाही आणि जूनमध्येही बोललो नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्या संस्थेतील एकाही सभेत कोणी काही सुचविले नाही, आणि अहवालात ‘सेवकवर्ग समाधानी आहे’ असे छापले जात राहिले. सूचना येत नाहीत याचा अर्थ तक्रार नाही असा नसतो, हे मला त्या शांततेने शिकविले.

म्हणून मालकांकडे मागण्यापूर्वी, अथवा निदान त्याच वेळी, आपण ज्या संस्था चालवितो तेथे पाच गोष्टी अमलात आणाव्यात, असे मी सुचवितो. पहिली, सेवकांचे प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडले जावेत. कंत्राटी आणि हंगामी माणसालाही मत असावे. दुसरी, संस्थेचा जमाखर्च त्यांच्यापुढे ठेवला जावा. आकड्यांशिवाय मत मागणे म्हणजे डोळे बांधून वाट विचारणे आहे. तिसरी, प्रत्येक सूचनेला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मिळावे आणि ते फलकावर लागावे. सूचना नाकारली तर कारण द्यावे. चौथी, वेतन, कामाचा बोजा, बदली आणि कपात हे विषय कक्षेबाहेर ठेवू नयेत. पाचवी आणि सर्वात महत्त्वाची, ज्याने सूचना किंवा तक्रार केली आहे त्याची एका वर्षाच्या आत बदली, निलंबन किंवा सेवासमाप्ती करावयाची असल्यास ती निवडलेल्या समितीच्या संमतीशिवाय होऊ नये. यासाठी नवा कायदा लागत नाही. संचालक मंडळाच्या एका बैठकीत एक ठराव पुरेसा आहे. तो मांडण्यास कोण तयार आहे, यावरून आपल्यातला समाजवाद मोजता येईल.

काही मित्र म्हणतील, अशाने शिस्त बिघडेल, संस्था चालविणे अवघड होईल. अवघड होईल, हे मान्य. लोकशाहीने देश चालविणेही अवघडच असते. तरी १९७५ साली तिच्यासाठी तुरुंगात जाणे आपण पत्करले. पाच वर्षांतून एकदा मतपेटीपाशी नागरिक असलेला माणूस उरलेले सारे दिवस कारखान्याच्या फाटकाआत प्रजा असेल, तर त्याचे नागरिकत्वही फार काळ टिकत नाही. आठ तास मान खाली घालण्याची सवय झालेला माणूस संध्याकाळी ग्रामसभेत ती वर कशी करणार?

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. त्याला मी देणार असलेले उत्तर असे आहे. बाळ, लिहावे, पण एकट्याने लिहू नये. कोपऱ्यात ज्यांचे हजेरी क्रमांक टाकले आहेत अशा तुम्हा सर्वांनी एकत्र बसावे. कंत्राटदाराच्या माणसांनी कायम कामगारांना बोलवावे आणि त्यांनी नाही म्हटले तरी पुन्हा बोलवावे. अडचणी एका कागदावर, एका भाषेत, तारखेसह लिहाव्यात. खाली सगळ्यांच्या सह्या असाव्यात. एक प्रत साहेबांना द्यावी, एक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी आणि एक आपल्यापाशी ठेवावी. साहेबांना खरोखरच मत हवे असेल तर त्यांना आनंद होईल. नको असेल तर तेही त्याच दिवशी समजेल, आणि समजेल तेव्हा तू एकटा नसशील.

पुढच्या रविवारी, बाजाराच्या दिवशी, तो पुन्हा येणार आहे. कागद घेऊन ये आणि बरोबर आणखी चार जणांना आण, असे मी त्याला कळविले आहे. सांगोला परिसरातील कार्यकर्त्यांनीही त्या दिवशी यावे. त्या ग्रंथपालांच्या वेळी जी चूक माझ्या हातून झाली, ती या मुलांच्या वेळी आपण कोणी करू नये.